निकालाखालच्या दोन ओळी

शोधयंत्रात एखादा शब्द टाकला की जी यादी येते तिच्यातल्या प्रत्येक नोंदीत तीन गोष्टी असतात: मोठ्या अक्षरांतले शीर्षक, संकेतस्थळाचा पत्ता आणि दीड-दोन ओळींचे वर्णन. शीर्षक आणि पत्ता कुठून आला हे सहसा विचारावे लागत नाही. वर्णनाचे तसे नाही. त्या ओळी कधी संकेतस्थळाच्या मालकाने लिहिलेल्या असतात, कधी यंत्राने पानातून उचललेल्या, आणि एके काळी तर तिसऱ्याच कुणी, मालकाला न विचारता लिहिलेल्या असत. इंग्रजीत या ओळींना ‘स्निपेट’ म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ कात्रीने कापलेला लहानसा तुकडा, म्हणजे मराठीत सरळ ‘कात्रण’. हे कात्रण कोणी कापायचे, याची ओढाताण वेबच्या जन्मापासून चालू आहे. ‘आमच्या साइटखाली गूगलवर भलतेच काहीतरी दिसते, ते बदलून द्या’ ही वेब डिझायनरकडे येणारी नेहमीची तक्रार त्याच ओढाताणीतून निघते.

यंत्राकडून सारांश काढून घेण्याची कल्पना वेबपेक्षा तीन दशकांनी जुनी आहे. आयबीएममधले संशोधक हान्स पीटर लून यांनी १९५८ साली शोधनिबंधांचे सारांश संगणकाकडून तयार करण्याची रीत मांडली. निबंधात वारंवार येणारे, पण ‘आणि’, ‘परंतु’ यांच्यासारखे निव्वळ जोडकाम न करणारे शब्द महत्त्वाचे मानायचे, आणि असे शब्द ज्या वाक्यात दाटीने येतात ती वाक्ये जशीच्या तशी उचलायची. यंत्राला अर्थ कळत नव्हता आणि कळावा अशी अपेक्षाही नव्हती. त्याच सुमारास लून यांनी आणखी एक सूचीपद्धत रूढ केली: शोधाचा शब्द मधोमध आणि त्याच्या दोन्ही अंगांना मूळ वाक्याचे तुकडे. आज निकालात शोधलेला शब्द ठळक दिसतो आणि आजूबाजूचे वाक्य तीन टिंबांनी तुटलेले असते, ते या सूचीचेच वारस.

इंटरनेटवरच्या पहिल्या शोधसाधनांना मात्र वर्णनाची गरजच वाटली नव्हती. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात अ‍ॅलन एम्टेज यांनी १९९० मध्ये तयार केलेले ‘आर्ची’ फक्त फायलींची नावे शोधत असे. फायलीत काय आहे ते नावावरून ओळखायचे. १९९३ च्या डिसेंबरात स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग विद्यापीठातून जोनाथन फ्लेचर यांचे ‘जंपस्टेशन’ आले. ते पानांची शीर्षके आणि मथळे एवढेच टिपून ठेवी.

वर्णन मालकानेच लिहावे, हा विचार त्याच वर्षी मार्टाइन कोस्टर यांनी मांडला. त्यांच्या ‘अ‍ॅलिवेब’ची रीत अशी होती: संकेतस्थळ चालवणाऱ्याने आपल्या सर्व्हरवर एका ठरावीक साच्याची फाइल ठेवायची, तिच्यात प्रत्येक पानाचे शीर्षक, थोडक्यात वर्णन आणि शोधासाठीचे शब्द लिहायचे, आणि ती फाइल कुठे आहे ते अ‍ॅलिवेबला कळवायचे. मग अ‍ॅलिवेब ती वेळोवेळी येऊन घेऊन जाई. योजना सभ्य होती आणि सर्व्हरवर ताण न टाकणारी होती. तिची अडचण तंत्राची नव्हती. वर्णन लिहून ठेवण्याचा उपद्व्याप करायला फारसे कोणी तयार नव्हते. स्वतःच्या पानाची ओळख दोन ओळींत लिहिणे हे काम तेव्हाही कंटाळवाणे होते आणि आजही ते सगळ्यांत शेवटी, बहुधा साइट सुरू होण्याच्या आदल्या रात्री उरकले जाते.

मालक लिहीत नाहीत म्हटल्यावर यंत्रांनी स्वतःच वाचायला सुरुवात केली. १९९४ च्या एप्रिलमध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या ब्रायन पिंकर्टन यांच्या ‘वेबक्रॉलर’ने पानाचा संपूर्ण मजकूर शोधाला खुला केला. त्याच वर्षी कार्नेगी मेलन विद्यापीठात मायकल मॉल्डिन यांनी सुरू केलेले ‘लायकॉस’ पानाचे शीर्षक, मथळे, त्यातले सर्वांत वजनदार शंभर शब्द आणि सुरुवातीच्या वीस ओळी साठवून त्यांतून सारांश बनवी. डिसेंबर १९९५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे ‘अल्टाव्हिस्टा’ आले. दुसरी काही सूचना नसेल तर ते पानावरचे पहिले काही शब्द उचलून वर्णनाच्या जागी ठेवी.

पानाची सुरुवात म्हणजे पानाचे सार, हे गृहीतक वर्तमानपत्राच्या बातमीला लागू पडते. त्या काळच्या वेबपानाला ते पडत नव्हते. पानाच्या वरच्या भागात ‘आमच्या पानावर आपले स्वागत’, भेट देणाऱ्यांचा आकडा दाखवणारे यंत्र, ‘हे पान अमुक ब्राउझरमध्ये उत्तम दिसेल’ अशी सूचना आणि मेनूतल्या शब्दांची रांग असे. निकालातही तेच दिसू लागले. सगळ्यांत मोठी फजिती ‘फ्रेम’ वापरणाऱ्यांची झाली. पडद्याचे दोन-तीन कप्पे करून प्रत्येकात वेगळे पान दाखवण्याची ही पद्धत तेव्हा लोकप्रिय होती. मुख्य पानात मजकूर नसेच, असे ते फक्त जुन्या ब्राउझरसाठी लिहिलेले एक वाक्य: ‘तुमचा ब्राउझर फ्रेम दाखवू शकत नाही.’ शोधयंत्रासाठी पाने वाचत फिरणारा प्रोग्रॅम, म्हणजे क्रॉलरही, फ्रेम दाखवू शकत नसल्याने त्याने ते वाक्य इमानाने टिपले, आणि कारखान्यापासून विद्यापीठापर्यंत असंख्य संस्थांची जगाला ओळख त्या एका तक्रारवजा वाक्याने होऊ लागली.

यावर उतारा म्हणून आला तो मेटा टॅग. नोव्हेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीएमएलच्या दुसऱ्या आवृत्तीत पानाविषयीची माहिती पानाच्या शिरोभागात ठेवण्याची सोय होती. ब्राउझर तो भाग वाचतो, पण पडद्यावर दाखवत नाही. मे १९९६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज येथे वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने शोध आणि सूचीकरणावर कार्यशाळा भरवली. शोधयंत्रे चालवणारे तिथे एकत्र आले आणि ‘डिस्क्रिप्शन’, ‘कीवर्ड्‌स’ व ‘रोबोट्स’ या नावांचे मेटा टॅग कसे वापरायचे यावर चर्चा झाली. डिसेंबर १९९७ मधल्या एचटीएमएल ४.० च्या परिशिष्टात शोधयंत्रांना मदत व्हावी म्हणून हे टॅग लिहिण्याचा सल्ला छापून आला. कोस्टर यांची वेगळ्या फाइलीतली दोन ओळींची ओळख अशा रीतीने पानाच्या आतच येऊन बसली.

पण वाचकाला न दिसणारी आणि यंत्र मात्र वाचते अशी जागा मोकळी सोडली की तिचे काय होणार, हे सांगायला ज्योतिषी नको. कीवर्ड्‌सच्या टॅगमध्ये एकच शब्द पन्नास-पन्नास वेळा लिहिला जाऊ लागला, पानाशी काडीचा संबंध नसलेल्या नटनट्यांची नावे कोंबली जाऊ लागली, आणि स्पर्धकाच्या कंपनीचे नाव आपल्या टॅगमध्ये घालणे ही तर सर्रास युक्ती झाली. प्रकरणे न्यायालयात गेली. १९९९ मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ब्रुकफील्ड विरुद्ध वेस्ट कोस्ट या खटल्यात, दुसऱ्याचे व्यापारचिन्ह आपल्या मेटा टॅगमध्ये वापरणे म्हणजे आपल्या दुकानासमोर दुसऱ्याच्या नावाची पाटी लावण्यासारखे आहे, अशा आशयाची तुलना केली. मुंबई उच्च न्यायालयापुढे हाच प्रश्न २०१४ मध्ये आला. शादी डॉट कॉम चालवणाऱ्या कंपनीने आपल्या नावाशी मिळत्याजुळत्या नावाच्या दुसऱ्या विवाहस्थळाविरुद्ध दाद मागितली होती. न्या. गौतम पटेल यांनी आदेशात मेटा टॅग म्हणजे काय ते समजावून सांगितले आणि वादीचे नाव टॅगमध्ये घालून त्याच्याकडे जाणारी वर्दळ पळवण्याचा हा प्रकार अप्रामाणिक ठरवला. गंमत अशी की तोवर कीवर्ड्‌सचा टॅग तांत्रिकदृष्ट्या जवळपास निकामी झाला होता. आपण क्रम लावताना तो टॅग विचारात घेत नाही, असे गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केले होते.

गूगलचा मेटा टॅगवर पहिल्यापासूनच भरवसा नव्हता. सर्जी ब्रिन आणि लॅरी पेज यांनी १९९८ मध्ये स्टॅनफर्डमधून प्रसिद्ध केलेल्या निबंधात, वाचकाला थेट न दिसणाऱ्या मजकुराचा गैरवापर होतोच आणि म्हणून असे प्रयत्न बहुतांशी फसले आहेत, असे निरीक्षण नोंदवले होते. त्याच वर्षी अनास्तासिओस टोम्ब्रोस आणि मार्क सँडरसन या संशोधकांनी दाखवून दिले की दस्तऐवजाचा ठोकळेबाज सारांश देण्याऐवजी विचारलेल्या प्रश्नाच्या अनुषंगाने निवडलेली वाक्ये दाखवली, तर वाचणाऱ्याला हवे ते लवकर आणि अचूक सापडते. गूगलने कात्रणाची हीच पद्धत सवयीची करून टाकली.

या बदलाचा एक परिणाम अजूनही पुष्कळ मालकांच्या गळी उतरत नाही. पानाचे ‘वर्णन’ ही एकच एक वस्तू आता उरलेली नाही. समजा, देवगडच्या एखाद्या बागायतदाराचे एक पान आहे. ‘देवगड हापूस’ असे शोधणाऱ्याला त्याखाली बागेची ओळख दिसेल. ‘हापूस पेटी घरपोच पुणे’ असे शोधणाऱ्याला त्याच पानाखाली, पार तळाशी लिहिलेली कुरिअरची अट दिसेल. पान तेच, मालक तोच, कात्रण निराळे. मालकाने मेटा टॅगमध्ये लिहिलेल्या ओळी त्या प्रश्नाला लागू पडत असतील तर त्या घेतल्या जातात, नसतील तर यंत्र स्वतः कात्री चालवते. ‘मी लिहिलेले का दिसत नाही’ या तक्रारीचे निम्मे उत्तर इथेच असते.

दरम्यान एक तिसरा लेखक मंचावर येऊन गेला होता, आणि दुरुस्तीची खरी लढाई त्याच्याशीच झाली. १९९४ मध्ये जेरी यँग आणि डेव्हिड फिलो यांनी स्टॅनफर्डमध्ये सुरू केलेली याहूची सूची माणसांनी लिहिलेली होती. संपादक संकेतस्थळ पाहत, त्याला एका वर्गात बसवत आणि एका ओळीत त्याचे वर्णन लिहीत. जून १९९८ मध्ये रिच स्क्रेंटा आणि बॉब ट्रुएल यांनी हेच काम स्वयंसेवकांकडून करून घेणारी सूची काढली. ती त्याच वर्षी नेटस्केपने घेतली आणि ‘ओपन डिरेक्टरी’ या, किंवा ‘डीमॉझ’ या आटोपशीर नावाने ओळखली जाऊ लागली. तिची माहिती श्रेय देऊन कोणालाही फुकट वापरता येत असे. गूगलने २००० मध्ये आपली सूची तिच्यावरच उभी केली आणि निकालातल्या कात्रणांतही डीमॉझच्या ओळी येऊ लागल्या.

स्वयंसेवकांच्या ओळी तटस्थ असत. जाहिरातीची भाषा वापरायची नाही, हा डीमॉझचा नियमच होता. पण त्या एकदा लिहिल्या की वर्षानुवर्षे तशाच राहत. कंपनीने नाव बदलले, धंदा बदलला, गाव बदलले, तरी निकालाखाली जुनेच वर्णन. मालकाने मेटा टॅग कितीही निगुतीने लिहिला तरी उपयोग नाही, कारण दिसणारा मजकूर त्याच्या पानावर नव्हताच. तो बदलायचा तर त्या वर्गाच्या स्वयंसेवक संपादकाकडे अर्ज करायचा आणि वाट पाहायची. कित्येक वर्गांना संपादक उरलेलाच नसे. आपल्याच दुकानावरची पाटी बदलायला परगावच्या अनोळखी माणसाची परवानगी लागावी, असा हा प्रकार होता.

तक्रारी साचत गेल्यावर मे २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एमएसएन सर्चने तोड काढली. रोबोट्सच्या मेटा टॅगमध्ये ‘नोओडीपी’ एवढे लिहायचे, म्हणजे ओपन डिरेक्टरीचे वर्णन वापरले जाणार नाही. जुलैमध्ये गूगलनेही ही खूण मान्य केली. याहूने आपल्या सूचीतल्या वर्णनांसाठी फेब्रुवारी २००७ मध्ये ‘नोवायडीआयआर’ ही निराळी खूण आणली. एका शब्दाने वर्षांची डोकेदुखी संपली. पुढे २०१४ च्या अखेरीस याहूची सूची बंद झाली आणि १७ मार्च २०१७ रोजी डीमॉझही. त्याच वर्षी गूगलने ‘नोओडीपी’ला निरोप दिला. तरी जुन्या संकेतस्थळांचा सोर्स कोड उघडला तर ती खूण आजही सापडते. चोर गेला, कुलूप दाराला लटकत राहिले.

तिसरा लेखक बाजूला झाल्यावर मालकाला पुन्हा थोडा भाव आला. २००७ मध्ये गूगलने वेबमास्टरांसाठी खास सल्ला काढला: प्रत्येक पानाला त्याचे स्वतःचे वर्णन द्या, सगळ्या पानांवर एकच मजकूर चिकटवू नका, आणि वाचणाऱ्याला उपयोगी पडेल अशी ठोस माहिती त्यात घाला. सल्ला साधा होता, पण त्याच काळात वाढत गेलेल्या तयार साच्यांनी तो मोडीत काढला. वर्डप्रेसच्या नव्या साइटला आपोआप ‘ही आणखी एक वर्डप्रेस साइट’ अशा अर्थाचे इंग्रजी उपशीर्षक लागत असे. ते बदलायचे असते हेच अनेकांना माहीत नसल्याने डॉक्टरांपासून देवस्थानांपर्यंत सगळे ‘आणखी एक’ या सदरात जमा झाले.

लांबीचा घोळ याहून मजेदार आहे. साधारण १६० अक्षरांपुढचे वर्णन तुटते, असा संकेत धंद्यात रूढ होता. डिसेंबर २०१७ मध्ये गूगलने कात्रणे एकाएकी जवळपास दुप्पट केली. एजन्सीवाल्यांनी ग्राहकांची वर्णने तीनशे अक्षरांपर्यंत वाढवायचे काम धडाक्यात काढले. मे २०१८ मध्ये गूगलने ती पुन्हा आखूड केली. अनेकांना एकाच कामाचे पैसे दोनदा मोजावे लागले. वर्णनाला ठरावीक लांबी नाही, ते पडद्याच्या रुंदीप्रमाणे कापले जाते, ही गूगलची अधिकृत भूमिका आहे.

आणि ‘अक्षर’ म्हणजे काय, हा प्रश्न मराठीत आणखी अवघड. ‘क्षत्रिय’ या शब्दात मराठी माणूस तीन अक्षरे मोजतो. युनिकोडच्या हिशेबात ती आठ चिन्हे होतात, कारण प्रत्येक हलन्त आणि वेलांटी वेगळी मोजली जाते. साठवणुकीच्या यूटीएफ-८ या रीतीत प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण चोवीस. इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून लिहिलेला प्रोग्रॅम १६० ‘अक्षरांवर’ कापतो तेव्हा प्रत्यक्षात तो अनेकदा १६० बाइटवर कापत असतो. मराठी वर्णन अर्ध्यावरही पोचत नाही, आणि कापणी एखाद्या चिन्हाच्या मधोमध झाली तर शेवटी प्रश्नचिन्ह घातलेला काळा चौकोन उमटतो. दुरुस्ती तशी क्षुल्लक आहे: बाइट न मोजता चिन्हे मोजणारे फंक्शन वापरायचे, आणि त्यातही शब्द पुरा करून थांबायचे.

त्याआधी तर मराठीला कात्रणच नव्हते. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून असली तरी नेटवरचा बराच मराठी मजकूर कित्येक वर्षे खासगी फाँटांत लिहिला जात होता. या फाँटांत देवनागरीचे आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत. शिवाजी फाँटात ‘मराठी’ असे दिसणारे शब्दचित्र संगणकाच्या लेखी एम, ए, आर, ए, झेड आणि कॅपिटल आय एवढेच असे. पानावर फाँट उतरलेला असेपर्यंत वाचकाला मराठी दिसे. शोधयंत्राच्या यादीत मात्र त्या फाँटाचे काही चालत नसल्याने बातमीच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी दिसे. मेटा टॅग लिहून हा दोष जाण्यासारखा नव्हता. सगळा मजकूर युनिकोडमध्ये आणणे हाच उपाय होता, आणि जुन्या अंकांच्या बाबतीत तो सगळीकडे झालेलाही नाही.

आणखी एका दोषाचे मूळ पुन्हा कोस्टर यांच्यापाशी जाते. क्रॉलरनी कुठे येऊ नये हे सांगणारी ‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’ ही फाइल त्यांनीच १९९४ मध्ये सुचवली. साइट तयार होत असताना डिझायनर या फाइलीत सगळ्यांना मज्जाव लिहून ठेवतो आणि उद्‌घाटनाच्या गडबडीत तो काढायला विसरतो. क्रॉलर आत येत नाही, पण इतरांनी दिलेल्या दुव्यांवरून पत्ता त्याला कळलेला असतो. मग निकालात नाव दिसते आणि खाली वर्णनाच्या जागी, या पानाची माहिती उपलब्ध नाही असे वाक्य. मालक तातडीने मेटा टॅग लिहितो, पण तो वाचायला क्रॉलर आत येतो कुठे? पान निकालातून पूर्णपणे काढायचे असले तरी हीच अडचण: ‘नोइंडेक्स’ ही खूण वाचण्यासाठी आधी दार उघडावे लागते. मज्जाव केल्याने पान लपते, हा समज या क्षेत्रातल्या सर्वांत चिवट गैरसमजांपैकी एक आहे.

दार उघडे असेल आणि टॅग बरोबर असेल, तरी बदल लगेच दिसत नाही. निकालातले कात्रण क्रॉलरने मागच्या भेटीत नेलेल्या प्रतीवरून काढलेले असते. सर्च कन्सोल या गूगलच्या साधनात पानाचा पत्ता तपासून पुन्हा भेट देण्याची विनंती करता येते. पानावरून काढलेला जुना मजकूर निकालात रेंगाळत असेल तर तो काढून टाकण्यासाठी वेगळा अर्ज आहे. तरीही काही दिवस, कधी काही आठवडे जातात.

कात्रण चुकीचे आहे, या तक्रारीची जागा पुढे कात्रण फार मोठे आहे, या तक्रारीने घेतली. निकालातच उत्तर मिळाले तर पानावर कोण येईल, असे वृत्तपत्रांचे म्हणणे होते. फ्रान्सने २०१९ मध्ये युरोपीय निर्देशानुसार वृत्तप्रकाशकांना अशा तुकड्यांवर हक्क देणारा कायदा केला. तो लागू होण्याच्या तोंडावर, २०१९ च्या सप्टेंबरात, गूगलने नव्या खुणा आणल्या. ‘मॅक्स-स्निपेट’ने कात्रणाची कमाल लांबी ठरवता येते आणि ‘डेटा-नोस्निपेट’ने पानाचा एखादाच परिच्छेद कात्रीपासून वाचवता येतो, कात्रण मुळीच नको असे सांगणारी ‘नोस्निपेट’ ही खूण आधीपासून होती. प्रकाशकांनी परवानगी दिली तरच त्यांची कात्रणे दाखवू, अशी भूमिका गूगलने फ्रान्समध्ये घेतली. प्रकरण तिथल्या स्पर्धा प्राधिकरणाकडे गेले. प्रकाशकांशी प्रामाणिकपणे वाटाघाटी करण्याचा आपला आदेश पाळला नाही, म्हणून प्राधिकरणाने जुलै २०२१ मध्ये गूगलला ५० कोटी युरोंचा दंड केला.

२०२४ च्या मेमध्ये अमेरिकेत आणि ऑगस्टमध्ये भारतात गूगलने निकालांच्या वर कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेले उत्तर दाखवायला सुरुवात केली. ते एका पानाचे कात्रण नसते. अनेक पाने वाचून यंत्राने स्वतःच्या शब्दांत लिहिलेले असते. आपला मजकूर त्यात नको असेल तर मालकाच्या हाती असलेल्या खुणा त्याच जुन्या आहेत, ‘नोस्निपेट’ आणि ‘मॅक्स-स्निपेट’. आणि त्या लावल्या की निकालाखालच्या त्याच्या नेहमीच्या दोन ओळीही जातात किंवा आखडतात.